जिल्ह्यात सिंदी दोन, पत्र जायचं एकाच ठिकाणी : घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर पत्त्याची लेबलं अशी छापा

सिंदी (रेल्वे) : सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभा म्हटली की नोटीस आली आणि नोटीस म्हटली की पाकिटावर पत्ते आले. तीनशे सभासद असतील तर तीनशे पत्ते हातानं लिहायचे. शंभराच्या पुढं अक्षर बिघडतं, पिनकोडचा एखादा आकडा इकडचा तिकडं होतो. नोटीस मिळाली नाही म्हणून एखादा सभासद सभेत उभा राहिला, तर सचिवाची पंचाईत होते.

लग्नाच्या पत्रिका, तान्ह्या पोळ्याची निमंत्रणं, बचत गटाची हळद-मसाल्याची पार्सलं, सगळीकडं हीच गोष्ट. हे काम करायला नवीन मशीनची गरज नाही. मुलाच्या शिक्षणासाठी दहा-बारा वर्षांआधी घेतलेला आणि आता कपडा झाकून ठेवलेला कॉम्प्युटर याला पुरतो. फक्त यादी नीट पाहिजे. लेबल सुंदर छापलं आणि पत्ता चुकीचा असला, तर पत्र सुंदर लेबलासकट भलतीकडं जाईल.

आधी पत्ता समजून घ्या

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावं आहेत. वर्धा-नागपूर रेल्वेमार्गावरची आपली सिंदी (रेल्वे), तालुका सेलू, पिन ४४२१०५. दुसरी वर्धा शहराला लागून असलेली सिंदी (मेघे), पिन ४४२००१. नुसतं 'सिंदी, जि. वर्धा' लिहिलं की वाटणारा बुचकळ्यात पडतो. सेलूचंही तसंच. आपलं सेलू ४४२१०४, परभणी जिल्ह्यातलं सेलू ४३१५०३.

पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो आणणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे मोठे कवी. गावांची नावं सारखी, भाषा वेगवेगळ्या, अक्षर कळत नाही, यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला ४ येतो. पहिले तीन आकडे पत्र कोणत्या भागातल्या छाननी केंद्रात जायचं ते सांगतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस सांगतात. म्हणून पिन चुकला की बाकी पत्ता बरोबर असूनही पत्र फिरत राहतं. शंका असली तर पोस्टात विचारून घ्या.

यादी कशी करायची

एक्सेल किंवा लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये पहिल्या ओळीत मथळे लिहा : नाव, वॉर्ड, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. प्रत्येक गोष्टीला वेगळा रकाना ठेवा. सगळा पत्ता एकाच रकान्यात कोंबला, तर पुढं गावाप्रमाणे यादी लावता येत नाही आणि पिन तपासता येत नाही. पिनचा रकाना वेगळा असला की यादी पिनप्रमाणे लावायची, चुकलेला आकडा लगेच डोळ्यात भरतो. मुक्कामाच्या रकान्यात 'सिंदी (रेल्वे)' असं पूर्णच लिहा.

इथं एक मोठी अडचण येते. कित्येक संस्थांच्या जुन्या याद्या डीटीपीच्या दुकानात कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या असतात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर ती यादी उघडली, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. यादी बिघडलेली नसते, फॉन्ट जुन्या पद्धतीचा असतो. नवीन यादी युनिकोडमध्येच करा. मंगल हा फॉन्ट युनिकोडचा आहे. मोबाइलवर आपण जे मराठी टाइप करतो तेही युनिकोडच. म्हणून घरातल्या पोरानं मोबाइलवर यादी टाइप करून कॉम्प्युटरवर घेतली तरी चालते. ती सीएसव्ही फाइल असली तर उघडताना लिबरऑफिस अक्षरसंच विचारतं, तिथं 'यूटीएफ-८' निवडा.

कोणतं सॉफ्टवेअर

कॉम्प्युटरमध्ये आधीपासून वर्ड असेल तर तेच वापरा. नसेल तर लिबरऑफिस फुकट मिळतं. पण जुन्या मशीनवर आवृत्ती पाहून घ्यावी लागते. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टावर ५.४ पर्यंतचीच आवृत्ती चालते. २५.८ पासून पुढच्या आवृत्तीला विंडोज १० किंवा त्यापुढचं लागतं, म्हणजे विंडोज ७ वाल्यांनी त्याआधीची घ्यायची. जुन्या आवृत्त्या लिबरऑफिसच्याच संकेतस्थळावर साठवलेल्या आहेत. दुसऱ्या कुठल्या साइटवरून 'फ्री लेबल मेकर' उतरवू नका, त्यासोबत नको त्या गोष्टीही येतात.

वर्डमध्ये : 'मेलिंग्ज' मध्ये जा, 'स्टार्ट मेल मर्ज' दाबून 'लेबल्स' निवडा आणि कागदाचं माप द्या. 'सिलेक्ट रेसिपियंट्स' मधून यादीची फाइल जोडा. पहिल्या लेबलात नाव, मुक्काम, पिन असे रकाने टाका. मग 'अपडेट लेबल्स' दाबा. हे दाबायचं राहिलं तर फक्त पहिलं लेबल पूर्ण येतं, बाकीचे रिकामे राहतात. शेवटी 'फिनिश अँड मर्ज'.

लिबरऑफिसमध्ये : आधी यादी जोडावी लागते. रायटर उघडून 'फाइल', 'विझर्ड्स', 'अॅड्रेस डेटा सोर्स' मध्ये जा, 'अदर एक्स्टर्नल डेटा सोर्स' निवडा, 'सेटिंग्ज' मध्ये 'स्प्रेडशीट' घेऊन आपली फाइल दाखवा आणि तिला नाव द्या. हे एकदाच करायचं. मग 'फाइल', 'न्यू', 'लेबल्स' उघडा. डेटाबेस आणि टेबल निवडून एकेक रकाना बाणाचं बटण दाबून चौकटीत घ्या. 'फॉरमॅट' मध्ये मापं भरा. 'ऑप्शन्स' मध्ये 'सिंक्रोनाइज कन्टेन्ट्स' वर खूण करा, म्हणजे एका लेबलातली दुरुस्ती सगळ्या लेबलांत उतरते. छापताना ते 'फॉर्म लेटर छापायचं का' असं विचारतं. 'येस' म्हणा, पण थेट प्रिंटरवर न पाठवता आधी फाइलमध्ये साठवा आणि सगळे पत्ते डोळ्यांखालून घाला.

माप चुकलं की कागद वाया

लेबलचा ए-४ कागद स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. २४ लेबलांचा घेतला तर तीनशे पत्त्यांना १३ कागद लागतात. मराठी पत्ता लांब असतो, वर-खाली मात्रा-उकार येतात, म्हणून अक्षर दाटत असेल तर १२ लेबलांचा मोठा कागद घ्या. माप पाकिटावर लिहिलेलं असतं. नसेल तर पट्टीनं मोजा : एका लेबलची रुंदी आणि उंची, वरची आणि डावीकडची मोकळी जागा, आणि एका लेबलच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर.

पहिली प्रत नेहमी साध्या कागदावर काढा. ती लेबलच्या कागदावर ठेवून उजेडासमोर धरा. अक्षरं चौकटीच्या बाहेर जात असतील तर माप सुधारा. प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज' बंद आणि आकार १०० टक्के पाहिजे. हे सुरू राहिलं तर वरची लेबलं बरोबर येतात आणि खाली जाता जाता सरकतात.

लेझर प्रिंटरमध्ये अर्धी लेबलं काढलेला कागद परत घालू नका. आतल्या गरमीनं उरलेलं लेबल सुटून प्रिंटरमध्ये चिकटतं आणि दुरुस्तीचा खर्च बसतो. इंकजेटची शाई पावसात पसरते, म्हणून पत्त्यावरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. लेबलचा कागद मिळालाच नाही तर साध्या कागदावर छापून कापा आणि डिंकानं लावा. पोस्टाला लेबल चकचकीत नाही, वाचता येणारं पाहिजे.

यादी जपा

विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीचा नेहमीचा फुकट आधार बंद झाला. असा कॉम्प्युटर छपाईला उत्तम, पण त्यावर बँकेचा व्यवहार करू नका. होईल तितका तो इंटरनेटपासून दूर ठेवा. यादी पेनड्राइव्हवर आणा आणि एक प्रत वेगळी ठेवा, जुनी हार्डडिस्क सांगून बंद पडत नाही.

पत्त्यासाठी आधार नंबर लागत नाही, त्यामुळे तो यादीत घालूच नका. सभासदांची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकू नका. सभासदानं पत्ता संस्थेला दिला आहे, गावाला नाही.

पहिल्या वेळी यादी करायला दोन-तीन संध्याकाळी जातील. पुढच्या वर्षी मयत झालेले, गाव सोडलेले आणि नवीन सभासद एवढेच बदल करायचे. तीनशे पत्ते घंटाभरात छापून होतात आणि आपल्या सिंदीची नोटीस मेघेच्या सिंदीत जात नाही.