'काही नाही, घरीच असते'

अर्थशास्त्र म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर येतो तो शेअर बाजार, नाहीतर बजेटच्या दिवशी टीव्हीवर चाललेला गोंधळ. त्यात कुणी 'इकॉनॉमेट्रिक्स' म्हटलं, की संपलंच! मराठीत त्याला अर्थमिती म्हणतात. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि पुण्यात या विषयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात तेव्हा जमेल तशी जाते. देशोदेशीचे अभ्यासक येतात, पंधरा-वीस मिनिटांत आपला निबंध मांडतात, पडद्यावर तक्ते झरझर सरकतात, मग प्रश्नांची सरबत्ती. परत आल्यावर मैत्रिणी हमखास विचारतात, "काय गं, तिथे आपल्या उपयोगाचं काही असतं का?" प्रश्न अगदी रास्त आहे.

पुण्याला या विषयाची जुनी परंपरा आहे. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली इथे गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत इकॉनॉमेट्रिक सोसायटीची स्थापना झाली. गाडगीळांनी पुस्तकांवर न थांबता घरोघरी माणसं पाठवून पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. पुढे याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तोही पोटभर जेवणाला किती खर्च येतो या मापाने. आणि कुमुदिनी दांडेकरांनी महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेकडे बायकांच्या कामाची संधी म्हणून पाहिलं. त्यांचं ते पुस्तक १९८३ सालचं.

आता अर्थमिती म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. मुली शाळेत वाढल्या. पण त्या सायकलींमुळेच वाढल्या, हे कशावरून? त्याच काळात रस्ते होत होते, लोकांच्या हाती पैसा येत होता. मग कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांनी मुलींची तुलना आधी तिथल्याच मुलांशी केली आणि मग हाच फरक शेजारच्या झारखंडात किती आहे, तेही पाहिलं. तिथे तेव्हा अशी योजना नव्हती. बाकी सगळं वजा करून सायकलीच्या वाट्याला जे उरलं ते असं : माध्यमिक शाळेतल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं. शाळा जिथे तीन किलोमीटर वा त्याहून लांब होती, तिथे गुण जास्त. तांदूळ पाखडून खडे वेगळे काढावेत, तसंच हे काम.

पण पाखडायला आधी सुपात धान्य तर हवं! ते येतं तुमच्या-माझ्या दारातून, पाहणी करणाऱ्याला आपण दिलेल्या उत्तरांतून. आणि गोची नेमकी इथेच होते.

आमच्या शेजारच्या वहिनींचंच बघा ना. दिवसातले चार तास त्या किराणा दुकानात पुड्या बांधतात, उधारीची वही सांभाळतात. पाहणीला आलेल्या मुलाने विचारलं, "काकू, तुम्ही काय करता?" वहिनी हसून म्हणाल्या, "मी कुठली काय करतेय! काही नाही, घरीच असते."

राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक कामाला एक आकडा असतो. घरच्या धंद्यात वा शेतात बिनपगारी मदत करणारीचा आकडा २१, आणि ती कामकरी धरली जाते. फक्त घरकाम करणारीचा आकडा ९२, आणि ती कामकऱ्यांत मोजलीच जात नाही. वहिनींच्या त्या एका वाक्याने त्या २१ वरून ९२ वर जातात. अशा लाखो वहिनी मिळून तक्ता तयार होतो आणि तोच परिषदेत पडद्यावर दिसतो : भारतातल्या बायका काम कमी करतात!

मग ९२ आकड्यातली बाई रिकामी बसते का? त्याचंही उत्तर मोजून मिळालं आहे. २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार सहा वर्षांवरच्या दर शंभर बायका-मुलींपैकी ८१ जणी रोज बिनपगारी घरकाम करत होत्या. पुरुष शंभरात २६. जे करतात त्यांच्यातही बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे आपली दहा मिनिटं कमी झाली, आणि त्यांचीही नऊ!

हे आकडे नुसते कागदावर राहत नाहीत. अपघातात गृहिणी गेली तर भरपाई कशी ठरवायची? जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणींच्या सेवेचं मोल महिना तीन हजार धरलं. जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या एका अपघातग्रस्त जोडप्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती रमणा यांनी गृहिणीच्या श्रमाचं मोल का धरायचं हे सांगताना याच २९९ आणि ९७ मिनिटांचा दाखला दिला. कुठल्याशा गावात कुणा बाईने आपला दिवस तासातासाने सांगितला, म्हणून तो दिल्लीच्या कोर्टात पोचला.

म्हणून मैत्रिणींनो, दारात जनगणनेची वा पाहणीची माणसं आली, की घाईने 'काही नाही' म्हणू नका. दुकानात बसता, गोठा सांभाळता, शेतात खुरपायला जाता, शिवण-टिपण करून चार पैसे मिळवता, ते सगळं सांगा. घरातल्या कुणी परस्पर उत्तर दिलं, तर पुढे होऊन दुरुस्त करा. आणि लेकीला गणिताची आवड असेल तर 'मुलींना काय करायचंय' म्हणून तिला अडवू नका. उद्या आपला हिशेब मांडणारीही आपल्यातलीच कुणी असायला हवी, नाही का?