रोकियाची गोष्ट आणि तुमचं प्रपोजल

कंटेंट मार्केटिंगवाले ‘आकडे नको, गोष्ट सांगा’ म्हणतात, त्यामागे संशोधन आहे. स्मॉल, लोवेन्स्टाइन आणि स्लोविक यांचा २००७ चा प्रयोग बघा. देणगीच्या आवाहनात काहींना मालीतल्या ७ वर्षांच्या रोकियाची गोष्ट दिली, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे, काहींना दोन्ही. हातातल्या ५ डॉलरपैकी सरासरी देणगी अशी: गोष्टीला २.३८, आकड्यांना १.१४ आणि दोन्ही एकत्र दिल्यावर फक्त १.४३! आकडे जोडल्यावर गोष्टीचा जोर उलट कमी झाला.

मग प्रपोजलमध्ये काय करायचं? सुरुवातीला एका माणसाची गोष्ट जरूर घ्या, वाचक थांबतो. पण रोकियावरून उपासमार किती मोठी आहे हे कळत नाही; ते आकडेच सांगतात. गोष्ट लक्ष वेधते, पुरावा वेगळा द्यावाच लागतो.