प्राध्यापक आणि वारकरी : सोनोपंत दांडेकर

भोर-वेल्ह्याच्या बाजारपेठेत गळ्यात तुळशीची माळ घातलेला शेतकरी दुकानाची पायरी चढतो. मद्य-मांस वर्ज्य मानणारा हा वारकरी जैन व्यापाऱ्यास आचाराने जवळचा वाटतो. त्याच्या पंथाचे तत्त्वज्ञान विद्वानांपुढे मांडण्याचे मोठे कार्य प्रा. शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) यांनी केले.

पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवीत. पुढे तेथेच प्राचार्य झाले. ज्ञानदेव आणि प्लेटो यांचा त्यांनी तौलनिक अभ्यास केला, १९२७ मध्ये ‘वारकरी पंथाचा इतिहास’ लिहिला आणि सार्थ ज्ञानेश्वरी सिद्ध केली.

परंतु अध्यापन हा त्यांच्या जीवनाचा अर्धाच भाग होता. आळंदीस १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापणारे विष्णुबुवा जोग हे त्यांचे गुरू. महाविद्यालयात प्लेटो समजावून देणारे हे प्राध्यापक कीर्तनात ज्ञानदेव सांगत. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले. पदवी आणि प्रतिष्ठा लाभूनही त्यांनी साधना सोडली नाही.

आपल्या रत्नत्रयात सम्यग्दर्शन व सम्यग्ज्ञान यांच्या जोडीला सम्यक्चारित्र सांगितले आहे. पंथ निराळा असला, तरी दांडेकरांचे जीवन याच कसोटीस उतरते. मुलांच्या पदव्यांचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक घराने ही तिसरी कसोटी विसरू नये.