घरपट्टीच्या बिलातली एक ओळ

या आठवड्यात सदरात ओहायोकडे वळायचे ठरले होते. पण इलिनॉयच्या '७०८ मंडळां'वरचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी वेगळा कर लावणाऱ्या स्थानिक मंडळांवरचा, मागचा भाग वाचून सांगलीच्या एका वाचक भगिनींनी प्रश्न पाठवला आहे, आणि तो डावलून पुढे जाणे मला पटत नाही. त्या विचारतात, मानसिक आरोग्यासाठी वेगळा कर हवाच कशाला? महापालिकेच्या तिजोरीतून खर्च करायला काय हरकत आहे?

याचे उत्तर शिकागोच्या २०१२ या एकाच वर्षात आहे. त्या वर्षी महापौर राम इमॅन्युएल यांच्या कारकिर्दीत महापालिकेने आपल्या १२ मानसिक आरोग्य केंद्रांपैकी ६ बंद केली. कारण दिले गेले काटकसरीचे. त्यांतल्या वुडलॉनच्या केंद्रात रुग्ण आणि कार्यकर्ते आतून दारे अडवून बसले, पोलिसांनी त्यांना उचलले, आणि केंद्र बंद झालेच. सगळ्यांच्या तिजोरीत या सेवेला वाली नसतो. रस्ता खचला की नगरसेवकाकडे मोर्चा जातो. समुपदेशकाची खुर्ची रिकामी झाली तर जाणार कोण? ज्यांना तिची गरज, त्यांतले कितीतरी जण आपले नाव सांगायलाही कचरतात.

आता त्याच वर्षाचा नोव्हेंबर पाहा. शहराच्या वायव्य भागातल्या मतपत्रिकेवर प्रश्न होता, आपल्या भागापुरता कर वाढवून स्वतःचे केंद्र काढायचे का? २०११च्या राज्य कायद्याने ही वाट मोकळी केली होती. वाढ किती, तर घरपट्टीच्या दर हजार डॉलरमागे ४ डॉलर. चार हजार डॉलर घरपट्टी भरणाऱ्या घराला वर्षाला १६. लोकांनी भरघोस होकार दिला आणि २०१४ मध्ये 'केड्झी सेंटर' सुरू झाले. त्या हद्दीत राहणाऱ्याला तिथे उपचार मोफत. विमा नसला तरी अडत नाही.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती बिलाची. तिथल्या घरपट्टीच्या बिलावर शाळा, उद्याने, सांडपाणी असा प्रत्येकाचा वाटा वेगळ्या ओळीत छापलेला असतो. या केंद्राचा पैसाही असाच वेगळा राहतो. तो नऊ जणांच्या आयोगाच्या हाती जातो, आणि त्यांतले बहुतेक त्याच भागातले रहिवासी असतात. महापौरांच्या अंदाजपत्रकात कात्री चालली तरी ती इथवर पोचत नाही.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या देयकात वृक्ष उपकराची ओळ आजही दिसते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की या ओळींवर आपण मत दिलेले नाही. मुंबईच्या एखाद्या वॉर्डात 'वर्षाला इतके रुपये, आणि तुमच्याच वॉर्डात समुपदेशन केंद्र' असा प्रश्न थेट लोकांना विचारला, तर ते नाही म्हणतील असे मी धरून चालत नाही. शिकागोतही लोकांनी होकारच दिला.

एक गोष्ट मात्र खटकते. कर घरांच्या किमतीवर, म्हणून जिथे घरे स्वस्त तिथे तोच दर कमी पैसा आणतो. आणि गरज बहुधा तिथेच जास्त. शिकागोच्या वेस्ट साइडने २०१६ मध्ये हाच कर मंजूर केला. खूप हलाखी पाहिलेला हा भाग. तरी तिथल्या लोकांनी मोठ्या बहुमताने हो म्हटले आणि २०१९ मध्ये त्यांचे केंद्र उघडले. अशा भागांच्या जमेत राज्याने भर घालायला हवी, असे माझे ठाम मत आहे. दुसरी वाटही आहे: इलिनॉयच्याच मॅकहेन्री काउंटीने २०२४ मध्ये मतदान घेऊन आपल्या मंडळाचा खर्च घरपट्टीवरून काढला आणि पाव टक्का विक्रीकरावर टाकला. त्यामुळे दुकानातले प्रत्येक गिऱ्हाईक वाटेकरी झाले खरे, पण गरिबाच्या खिशालाही तो पाव टक्का लागतोच.

ओहायोची मानसिक आरोग्य मंडळे करासाठी ठरावीक वर्षांनी पुन्हा मतदाराच्या दारात जातात. ती हकीकत पुढच्या आठवड्यात.