हिब्रू की स्वीडिश? परभाषा निवडताना

परदेशी भाषा शिकण्याची इच्छा आता मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांपुरती मर्यादित राहिलेली नाही. सातपाटीसारख्या मच्छीमारांच्या गावातील किंवा बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगत वाढलेला विद्यार्थीही आज आपल्या शिक्षकांना विचारू शकतो, की कोणती भाषा घ्यावी? "ही सोपी, ती अवघड" एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही. परभाषेसाठी ऐन उमेदीची दोन-तीन वर्षे आणि घरच्यांच्या कष्टाचा पैसा खर्ची पडतो. निवड चुकली तर दोन्ही वाया जातात. म्हणून हिब्रू आणि स्वीडिश या दोन भाषा नमुन्यादाखल घेऊन, मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यांची तुलना येथे केली आहे.

एक शेजारीण, दुसरी आप्त

हिब्रूचा महाराष्ट्राशी जुना शेजार आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा या परिसरात शतकानुशतके राहिलेला बेने इस्रायल समाज घरी मराठी बोले आणि प्रार्थनेत हिब्रू जपे. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. या समाजासाठी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह 'हग्गादा' छापली गेली. म्हणजे मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच मळली होती. तथापि कुळाच्या दृष्टीने हिब्रू परकी आहे. ती अरबीप्रमाणे सेमिटिक कुळातील होय.

स्वीडिशचे नेमके उलट आहे. तिचा आपला शेजार कधीच नव्हता. परंतु ती मराठीप्रमाणेच भारत-युरोपीय कुळातील असल्याने दूरची आप्त ठरते. तीनला तेथे 'त्रे', आठला 'ऑत्ता', नऊला 'नीउ' आणि नामाला 'नाम्न' म्हणतात. नात्यांचे शब्द तर मराठी माणसाला चटकन उमगतील. इंग्रजीत आत्या व मावशी यांना एकच शब्द पुरतो. स्वीडिशमध्ये आत्या म्हणजे 'फास्तेर' व मावशी म्हणजे 'मुस्तेर'. काका व मामा यांनाही तेथे वेगवेगळे शब्द आहेत.

लिपी आणि उच्चार

स्वीडिश रोमन लिपीत लिहितात. तिच्यात २९ अक्षरे असून इंग्रजी जाणणाऱ्यास केवळ तीन नवी शिकावी लागतात. अडचण आहे ती सुरांची. एकच शब्द दोन वेगळ्या सुरांत उच्चारला, की अर्थ बदलतो, आणि हे कान तयार झाल्याखेरीज साधत नाही.

हिब्रूची २२ अक्षरे उजवीकडून डावीकडे लिहितात. स्वर बहुधा लिहीत नाहीत. ते संदर्भावरून भरून घ्यावे लागतात. मोडी कागद वाचणाऱ्यांना ही सवय काही अंशी परिचित आहे. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाही, शब्द सलग लिहिलेले असतात आणि वाचकाला अर्थाच्या आधारे पुढे जावे लागते. उच्चारात मात्र मराठीचा लाभ होतो. 'चाक', 'चूल' यांतील दंततालव्य 'च' आपल्या जिभेवर असल्याने हिब्रूतील 'त्साडी' हे अक्षर आपल्याला जड जात नाही.

व्याकरणाची घडण

हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा राहतो. महसूल खात्यातील वाचकांस हे सांगावयास नको. तहसील, हासील, महसूल हे अरबी शब्द एकाच धातूचे आहेत. आपला 'हिशेब' व हिब्रूतील 'हेश्बोन' हेही सगोत्र शब्द. क्रियापदाला कर्त्याचे लिंग लागते: 'हू कोतेव' म्हणजे तो लिहितो, 'ही कोतेवेत' म्हणजे ती लिहिते. मराठी विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. स्वीडिशमध्ये तो, ती, आम्ही, ते या सर्वांना क्रियापदाचे एकच रूप चालते.

सातपाटीच्या किनाऱ्यावरचेच शब्द घेऊन हा फरक पाहू. मासा म्हणजे हिब्रूत 'दाग', मच्छीमार 'दायाग', मासेमारी 'दायिग'. एकाच धातूत स्वर बदलत जातात. स्वीडिशमध्ये मासा 'फिस्क', मच्छीमार 'फिस्कारे', मासेमारीची होडी 'फिस्केबोत'. तेथे आपल्या समासाप्रमाणे शब्दाला शब्द जोडतात. 'तो ठरावीक मासा' असे म्हणावयाचे तर हिब्रूत शब्दाआधी 'हा' येतो, 'हा-दाग'. स्वीडिशमध्ये शब्दाच्या शेवटी प्रत्यय लागतो, 'फिस्केन'.

श्रम आणि हेतू

अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या अनुभवानुसार, इंग्रजी भाषकास स्वीडिशसाठी ६०० ते ७५० तास, तर हिब्रूसाठी सुमारे ११०० तास वर्गशिक्षण लागते. हे अंदाज मराठी भाषकास जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्यास स्वीडिश लवकर साधेल, इतके निश्चित.

परंतु हेतू तासांहून महत्त्वाचा. स्वीडनमध्ये पदव्युत्तर शिक्षणाचे अनेक अभ्यासक्रम इंग्रजीत चालतात आणि २०११ पासून युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना तेथे शुल्क भरावे लागते. म्हणून केवळ प्रवेशासाठी स्वीडिश आवश्यक नसते. तेथे स्थायिक होऊन नोकरी करणाऱ्यास मात्र तिच्यावाचून चालत नाही. इस्रायलमध्ये वृद्धांच्या सेवेसाठी जाणाऱ्या कामगाराला घरातील माणसाचे बोलणे समजणे अगत्याचे असते. त्याला लिपीपेक्षा संभाषण आधी हवे. १९४८ नंतर तेथे स्थलांतरित झालेल्या बेने इस्रायल कुटुंबांनीही 'उल्पान' नावाच्या वर्गांतून व्यवहाराची हिब्रू आत्मसात केली. प्राचीन ग्रंथांच्या किंवा कोकणच्या इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र लिपी व धातू यांपासूनच आरंभ करावा लागेल.

एक शिष्टाचारही ध्यानात घ्यावा. या दोन्ही भाषांत वडीलधाऱ्यांस व अधिकाऱ्यांसही रोजच्या बोलण्यात एकेरी संबोधतात. त्यात अवमान नसतो.

शिक्षकांनी विद्यार्थ्याला शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: ही भाषा कोणाशी बोलावयाची आहे, ती वाचावयाची आहे की बोलावयाची, आणि दररोज एक तास सलग दोन वर्षे देण्याची तयारी आहे काय? ग्रामपंचायतींना आपल्या ग्रंथालयात एखादे प्राथमिक पुस्तक व शब्दकोश ठेवता येईल. महिनाभर ते चाळून पाहिल्यावर विद्यार्थ्याला आपला कल आपोआप कळेल, आणि मग होणारा खर्च डोळसपणे होईल.