जाळं आणि गळ – भाग ६ : वाहूपुढे पळणारा गळ

गेल्या आठवड्यात आपण धनेगावच्या मांजरा धरणात संध्याकाळी सोडलं जाणारं तंगुसाचं जाळं पाहिलं. युसूफ वडगाव काय, केज काय, आपल्या भागात खाल्ला जाणारा कटला-रोहू अशाच जाळ्यांतून येतो. तिथं जाळं एका जागी उभं असतं आणि रात्री हिंडणारा मासा आपणहून त्यात कल्ल्यांनी अडकतो. आज पाहायची तऱ्हा नेमकी उलटी आहे. इथं नौका पळते, तिच्यामागे आमिष पळतं, आणि मासा या दोघांहूनही जोरात पळू शकतो म्हणूनच तो सापडतो. या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. आपण तिला ओढता गळ म्हणू. समुद्राचा तळ खरवडत जाणारं ट्रॉल जाळं ही वेगळी गोष्ट. तिच्याबद्दल तिसऱ्या भागात लिहिलं होतं. ओढत्या गळात एक दोरी, तिच्या टोकाला एक आमिष आणि मिळालाच तर एक मासा.

सुरमईला हा गळ चालतो, कुप्याला चालतो. पण त्याची खरी कसोटी पाहणारा मासा म्हणजे वाहू. शास्त्रीय नाव अकँथोसायबियम सोलँड्री. हा सुरमईच्याच घराण्यातला. मालवण-गोव्याकडे जिला इसवण म्हणतात ती सुरमई, आपला ओळखीचा बांगडा आणि कुपा हे सगळे याचे भाऊबंद. वाहूचं अंग लांब आणि निमुळतं, पाठ गडद निळी, कुशीवर उभे निळसर पट्टे. ते पट्टे मासा मेल्यावर लवकरच फिके पडतात, त्यामुळे बाजारात पोहोचलेल्या वाहूवरून जिवंत वाहूची कल्पना येत नाही. हा मासा अडीच मीटरपर्यंत वाढतो. गळावर पकडलेल्या सर्वांत मोठ्या वाहूची नोंद २००५ सालची, मेक्सिकोतल्या काबो सान लुकासची आहे. वजन ८३ किलोंहून थोडं जास्त.

ओढत्या गळाचं सामान पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो सगळा पसारा अनावश्यक वाटतो. मधेच तार, मधेच शिसं, मधेच फिरकी, शेवटी रंगीत झिरमिळ्यांचं आमिष. यातली एकही वस्तू शोभेची नाही. वाहूचं शरीर समजून घेतलं की प्रत्येक तुकड्याचं कारण आपोआप लक्षात येतं.

तोंडापासून सुरुवात करू. वाहूच्या दोन्ही जबड्यांवर चपटे, त्रिकोणी दात एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि त्यांच्या कडा बारीक करवती असतात. मधे आलेलं तंगूस, कितीही जाड असलं तरी, एका चाव्यात तुटतं. म्हणून आमिषाच्या पुढचा हात-दोन हात भाग पोलादी तारेचा असतो. त्याच्याही पुढे काही मीटर जाड तंगूस, मग वजन, मग मुख्य दोरी. दोरीला पीळ बसू नये म्हणून मधे फिरकी लागते आणि ती काळी असावी लागते. चकचकीत फिरकी पाण्यात चमकली की वाहू तिलाच लहान मासा समजून तोंड मारतो, आणि फिरकीच्या पुढे तर तारेचं संरक्षण नसतं. एका चकाकीपायी आमिष, तार, वजन सगळं तळाला जातं. अनुभवी मासेमार गाठीसुद्धा बारीक ठेवतात, कारण गाठीमागे उठणाऱ्या बुडबुड्यांवरही वाहू झेपावतो.

दुसरी खोड त्याच्या शिकारीची. वाहू पुष्कळदा भक्ष्याच्या मागच्या बाजूवर पहिला घाव घालतो, शेपूट तोडून त्याला लंगडं करतो आणि मग वळून उरलेलं गिळतो. गळ आमिषाच्या पुढच्या भागात ठेवला तर हाती येतं ते अर्धं कापलेलं आमिष. म्हणून वाहूसाठी गळ मागे, झिरमिळ्यांच्या टोकाजवळ बसवतात. माझ्या मते या विद्येतला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच आहे. मासा कुठं चावतो हे ज्यानं पहिल्यांदा तुटलेल्या आमिषावरून ताडलं, त्यानं पुस्तकातल्या शास्त्रज्ञाइतकंच निरीक्षण केलं होतं.

आता वेगाकडे येऊ. १९६४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक छोटा निबंध छापून आला. गळाला लागलेला मासा रिळावरून दोरी किती वेगानं खेचतो हे मोजून पिवळ्या पंखाचा कुपा आणि वाहू यांचा वेग त्यात काढला होता. वाहूचा आकडा आला ताशी ७७ किलोमीटर, तोही काही सेकंदांच्या उसळीपुरता. पुढच्या संशोधकांनी स्नायूंच्या आकुंचनाचा आणि पाण्याच्या विरोधाचा हिशोब मांडून इतक्या मोठ्या आकड्यांबद्दल शंका घेतली आहे, आणि ती रास्त आहे. पण खालचा कुठलाही आकडा धरला तरी वाहू मासेमारी नौकेला सहज मागे टाकतो, एवढं पक्कं.

यातूनच वाहूसाठी गळ ओढण्याच्या दोन रीती तयार झाल्या. पहिली संथ. सहा ते नऊ नॉट वेगानं नौका चालवायची आणि खरा मासा गळावर ओवून तो पोहतोय असं भासवायचं. दुसरी रीत खास वाहूसाठीची, वेगाची. इथं नौका बारा ते अठरा नॉटनं जाते. पंधरा नॉट म्हणजे ताशी जवळजवळ २८ किलोमीटर; आपल्या शिवारातल्या कच्च्या रस्त्यावर मोटरसायकल बेतानं चालवावी तेवढा वेग, पण पाण्यात. या वेगाला कुपा आणि इतर बरेच मासे आमिषाच्या वाटेला फारसे जात नाहीत, वाहू मात्र जातो. शिवाय तासाभरात दुपटीनं जास्त समुद्र पालथा घालता येतो, आणि एकट्यादुकट्यानं किंवा लहान टोळीनं हिंडणाऱ्या माशाला शोधायचं तर पल्ला मोठा लागतोच.

वेग वाढला की आमिष पाण्याबाहेर उड्या मारू लागतं. ते खाली राहावं म्हणून दोरीत अर्ध्या किलोपासून दीड किलोपर्यंत वजनाचं लांबट शिसं बसवतात. आमिषाचं डोकं धातूचं असतं आणि त्याला आरपार भोकं असतात. वेगात पाणी त्या भोकांतून घुसतं आणि मागे बुडबुड्यांची पांढरी रेघ उमटते. जांभळा-काळा आणि लाल-काळा हे रंग जास्त चालतात, कारण खालून वर पाहणाऱ्या माशाला उजळ पाण्यावर गडद आकृती ठळक दिसते, असं मासेमार सांगतात.

एका नौकेमागे तीन-चार दोऱ्या असतात आणि त्या वेगवेगळ्या अंतरावर सोडाव्या लागतात. जवळची तीसएक मीटरवर, सर्वांत लांबची शंभर मीटरच्या आसपास. सर्वांत जड शिसं सर्वांत जवळच्या दोरीला, म्हणजे ती खोल जाते आणि लांबची हलकी दोरी तिच्या वरून जाते. वळण घेताना हा क्रम चुकला तर चारही दोऱ्यांचा एक गुंता होतो आणि सकाळ त्यातच संपते. नौका सरळ रेषेतही नेत नाहीत. समुद्राचा तळ जिथं उथळावरून एकदम खोल उतरतो त्या कडेवरून नागमोडी चाल ठेवतात, कधी कडेच्या आत, कधी बाहेर. प्रवाह त्या कडेला आपटून वर येतो, त्याबरोबर बारीक मासे येतात आणि त्यांच्यामागे वाहू. तरंगणारा ओंडका किंवा दोन प्रवाहांच्या सांध्यावर जमलेला कचऱ्याचा पट्टा दिसला की त्याच्या कडेनं एक फेरी ठरलेली.

ही तळाची कड किनाऱ्यापासून किती दूर आहे, यावरच वाहू कुणाच्या वाट्याला येणार हे ठरतं. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन जवळजवळ तीनशे किलोमीटर पसरलेली आहे. दक्षिणेकडे जाताना ती अरुंद होत जाते. वाहूला हवं असलेलं निळं, निवळ, खोल पाणी कोकणच्या छोट्या होडीच्या पल्ल्याबाहेर राहतं. म्हणून ससून डॉकला सुरमईचे ढीग दिसतात, वाहू क्वचित. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखलं जाणारं आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळी पठार आहे. त्याच्या कडा खोल पाण्यात उतरतात, पण तिथवर जाऊन परत यायला मोठी नौका आणि भरपूर डिझेल लागतं. लक्षद्वीपमध्ये मात्र प्रवाळाचा कठडा संपला की लगेच अथांग पाणी सुरू होतं, त्यामुळे तिथल्या होड्या कुप्याच्या शोधात जाता-येता गळ ओढत नेतात.

मराठी माणूस आणि वाहू यांची सर्वांत जवळची गाठ मात्र मॉरिशसमध्ये पडते. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून तिथं गेलेल्यांत कोकणातली कुटुंबं होती, आणि त्यांचे वंशज आजही आपल्या मराठीपणाची ओळख टिकवून आहेत. त्यांची जुनी वस्ती असलेल्या भागांपैकी एक म्हणजे पश्चिमेचा ब्लॅक रिव्हर जिल्हा. तोच किनारा गळाच्या मोठ्या मासेमारीसाठी जगभर ओळखला जातो. तिथं किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ शेकडो मीटर खाली जातो, आणि मार्लिन, कुपा, वाहू अगदी जमिनीजवळ येतात. उसाच्या मळ्यात राबायला गेलेल्या कोकण्यांच्या दारात हा समुद्र होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आमिषावर झडप पडली की काय करायचं? नवख्याचा हात आधी इंजिनाकडे जातो आणि तो नौका थांबवतो. वाहूच्या बाबतीत मासा निसटतो तो याच क्षणी. जोराच्या हिसक्यानं गळाभोवती तोंडाला मोठं छिद्र पडलेलं असतं; दोरी क्षणभर सैल झाली की गळ त्यातून गळून पडतो. म्हणून नौका चालूच ठेवायची, वेग हळूहळू उतरवायचा, दोरी शेवटपर्यंत ताठ. त्या चालत्या अवस्थेत दुसऱ्या दोरीवरही झडप पडण्याची शक्यता असते, कारण वाहू कधी कधी चार-पाचच्या टोळीत असतात. पहिल्या धावेत तो शंभर मीटरहून जास्त दोरी खेचून नेतो, मग अचानक वळून नौकेकडेच येतो, आणि दोरी सैल झाल्यावर तो सुटला असं वाटतं. तेव्हा रीळ भराभर गुंडाळत राहायचं. मासा कडेला आला की दांड्याच्या मोठ्या आकड्यानं उचलून थेट झाकणाच्या पेटीत टाकायचा. फळीवर उसळणाऱ्या वाहूच्या दातांनी पिंढरी फाटू शकते.

पंधरा नॉटनं दिवसभर नौका पळवायला लागणारं डिझेल रोजीरोटीच्या मासेमाराला परवडत नाही. तो चार-सहा नॉटवर सुरमईसाठी गळ ओढतो आणि शक्य तिथं आधीच ठरवलेल्या जागी जातो. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहानं टिपलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना देते, मराठीतूनही. थंड आणि उबदार पाण्याची जी सीमा पूर्वी तांडेल पाण्याच्या रंगावरून ओळखत, ती आता मोबाइलवर अक्षांश-रेखांशांत येते. त्यानं वाचलेलं डिझेल हीच त्याची कमाई.

ओढत्या गळाची बाजू मी उघडपणे घेतो. नौकेवर प्रखर दिवे लावून मासे गोळा करून वेढणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी कोकणच्या पारंपरिक मासेमारांची त्याबद्दलची तक्रार संपलेली नाही. अशा जाळ्यात पिल्लू, अंडी भरलेली मादी, नको असलेली जात, सगळं एकदम येतं. गळावर आलेला मासा जिवंत असतो. लहान असेल तर सोडता येतो. वाहू स्वतः झपाट्यानं वाढतो, साधारण वर्षाच्या आसपास प्रजननक्षम होतो, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं त्याला कमी चिंतेच्या वर्गात ठेवलं आहे. पकड एकेका माशाची राहिली तर तो तसाच राहण्याची आशा आहे.

आपल्या कामाची एक गोष्ट. वाहू, सुरमई, बांगडा, कुपा या घराण्यातला मासा पकडल्यावर लगेच बर्फात गेला नाही तर त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. ते तळून, उकळून जात नाही, आणि चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं असा त्रास होतो. अंबाजोगाई किंवा लातूरला समुद्राचा मासा घेताना पेटीत बर्फ किती उरला आहे हे पाहा, जिभेला चुणचुणणारा तुकडा लगेच टाकून द्या.

पुढच्या आठवड्यात : कित्येक किलोमीटर लांबीची, शेकडो गळांची लाँगलाइन, आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या 'फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया'च्या नौका तिच्यावर काय मोजतात.