अन्न अंगीं कां लागत नाहीं?

एकाच मापानें खाऊं घातलेल्या दोन डुकरांपैकीं एक झपाट्यानें वाढतें व दुसरें खुरटें राहतें, याचें कारण काय? दैव म्हणून सोडून देण्यासारखा हा प्रश्न नाहीं. डुकरें पाळण्याच्या खर्चांत अन्नाचा वांटा सर्वांत मोठा असतो, आणि वायां गेलेली प्रत्येक पायली गरीब पालकाच्या पदरचीच जाते.

लाव्हाझिए व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं इ. स. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत, नांवापुरतेंच डुकर असलेल्या गिनीपिग या लहान प्राण्यास बर्फाच्या वेष्टनांत ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेनें किती बर्फ वितळतो तें मोजलें, आणि श्वसन हें एक मंद ज्वलनच होय असें प्रतिपादिलें. अन्न हें या ज्वलनाचें सरपण. त्यांतील शक्तीचा कांहीं अंश मलमूत्रावाटें जातो. उरलेल्यांतून आधीं शरीर चालविण्याचा नित्य खर्च भागतो, आणि जी शिल्लक राहील तिचेंच मांस व चरबी बनते.

अस्वच्छ गोठा हा नित्य खर्च वाढवितो. जुना मळ, धूळ व मुतापासून निघणारा अमोनिया वायु यांचा फुप्फुसांवर सतत मारा होतो. डुकर उघड आजारी दिसलें नाहीं, तरी त्याच्या शरीरास जंतूंशीं झगडण्याचीं द्रव्यें सारखीं निर्माण करावीं लागतात. ताप आल्यास दर अंशामागें ज्वलन सुमारें एक दशांशानें वाढतें. त्यांतच भूक मंदावते. आवक घटली व खर्च वाढला, मग शिल्लक कोठून राहणार?

आतां वंशाचा विचार करूं. फ्रान्समधील सरकारी कृषिसंशोधन संस्थेनें इ. स. २००० पासून लार्ज व्हाइट जातीच्या डुकरांतून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून, दोन वंश तयार केले. वजन व वाढ पाहतां जितकें अन्न लागावें त्याहून कमी खाणारा एक, व अधिक खाणारा दुसरा. काटकसरी वंशाची शक्ति उष्णतेच्या रूपानें कमी खर्च होते. तर मग रोगाशीं झगडण्यास त्याजपाशीं कांहीं उरेल काय, अशी शंका साहजिकच होती. म्हणून दोन्ही वंशांचीं कांहीं डुकरें धुऊन निर्जंतुक केलेल्या खोल्यांत, व कांहीं आधींच्या जनावरांनीं सोडलेल्या घाणींतच ठेवण्यांत आलीं. इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, घाणीचा फटका दोहोंसहि बसला. परंतु काटकसरी वंशानें तो अधिक चांगल्या रीतीनें सोसला.

तात्पर्य, उत्तम वंश निवडणें इष्टच. तथापि कोणत्याहि वंशास घाणीचा कर पूर्णपणें चुकवितां येत नाहीं. शिवाय वंश पालटण्यास पिढ्या लागतात. गोठा धुण्यास एक सकाळ पुरते.

विद्यार्थिमित्रांनो, डुकर स्वभावतःच गलिच्छ, असें आपण म्हणतों. वास्तविक त्यास घाम जवळजवळ येत नाहीं, म्हणून अंग थंड करण्यासाठीं तें चिखलांत लोळतें. आणि पुरेशी जागा मिळाल्यास निजण्याच्या जागेपासून दूर जाऊनच मलमूत्र टाकतें. कोंदट जागेंत त्यास कोंडतों आपण, आणि नांवें मात्र त्यास ठेवतों.